पहिली बेबिंका करताना: वरची आच, तूप आणि सात थर

बेबिंका म्हणजे गोव्यात नाताळाला करतात तो थराथरांचा गोड पदार्थ. ती बिघडते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी. एक तर आच खालून जास्त लागते, नाहीतर एक थर पुरता भाजायच्या आत त्यावर दुसरा ओतला जातो. सामान साधंच आहे: नारळाचं दूध, अंड्यातले पिवळे बलक, साखर, मैदा, साजूक तूप, जायफळ. बेकिंग पावडर नाही, सोडा नाही, त्यामुळे केक फुगेल की बसेल ही धाकधूकही नाही. लागतो तो वेळ. सात थरांच्या बेबिंकेला ओव्हनपाशी दोन ते अडीच तास जातात आणि तेवढ्या वेळात दर दहा-पंधरा मिनिटांनी तिला तुम्ही हवे असता. ज्या दिवशी दुसरं मोठं काम नसेल असा दिवस धरा.

पाकृतीकडे वळण्याआधी थोडा इतिहास बघू, कारण इतके बलक कशाला, थराथरात तूप कशाला आणि आच वरूनच का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

बलक कुठून आले

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्यामागून त्यांची स्वयंपाकघरंही आली. पोर्तुगालमधल्या कॉन्व्हेंटांत, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या मठांत, गोड पदार्थांची मोठी परंपरा होती आणि तिचा पाया होता अंड्याचा बलक. पांढरा भाग जोगिणींच्या कपड्यांना खळ द्यायला आणि वाइन नितळ करायला वापरला जाई. मग उरलेल्या ढिगभर बलकांचं करायचं काय? मदेइरा बेटावरून आणि पुढे ब्राझीलमधून साखर येऊ लागली होती. बलक आणि साखर यांच्या जोडीतून तिथे शेकडो मिठाया झाल्या. तोच हात गोव्यात आला तेव्हा दुधा-बदामाच्या जागी नारळ आला आणि लोण्याच्या जागी तूप.

जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटची उभारणी १६०६ मध्ये सुरू झाली आणि १६२७ मध्ये पुरी झाली. आज त्याच वास्तूत ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. बेबिंकेची गोष्ट याच कॉन्व्हेंटशी जोडतात. बेबियाना नावाच्या जोगिणीने उरलेल्या बलकांचा सात थरांचा पदार्थ केला, लिस्बनच्या सात टेकड्यांसाठी एकेक थर. पाद्र्यांना तो चवीला आवडला पण आकाराने लहान वाटला, म्हणून थर वाढत सोळांपर्यंत गेले. ही आख्यायिका आहे आणि ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. पण तिच्यातले दोन्ही आकडे आजच्या घराघरांत जिवंत आहेत: सात थर म्हणजे किमान मर्यादा आणि सोळा म्हणजे सणाचा पूर्ण थाट.

नावाचे भाऊबंद पूर्वेकडे बरेच सापडतात. मकावमध्ये याच नावाचा दुधाचा मऊ पदार्थ आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये शांघायवर आदळलेल्या वादळाचं ‘बेबिंका’ हे नाव मकावनेच दिलेलं होतं. फिलिपिन्समध्ये ‘बिबिंगका’ तांदळाच्या पिठाची असते. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ पहाटे तिथे मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, होतात आणि मिस्सा संपवून लोक चर्चबाहेर गरम बिबिंगका खातात. ती करतात कशी, तर मातीच्या भांड्यात, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. गोव्याची जुनी रीत नेमकी हीच. मातीचं पसरट भांडं, त्यावर झाकण आणि झाकणावर नारळाच्या सोडणांचा व करवंट्यांचा विस्तव.

गोव्याच्या बेबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोकणीत तिला बिबिक म्हणतात. आणि ज्या सणाला ती करतात त्याचं आपलं मराठी नाव, नाताळ, तेही पोर्तुगीज ‘नाताल’वरूनच आलेलं आहे.

वरून आच म्हणजे नेमकं काय

केक सगळीकडून सारखा तापलेल्या ओव्हनमध्ये भाजतो. बेबिंकेत तसं केलं तर सातवा थर भाजून होईपर्यंत पहिला सात वेळा भाजला जातो आणि काळा, कडू, चिवट होतो. म्हणून पहिला थर लागल्यावर खालची आच जवळजवळ बंद करायची आणि प्रत्येक नवा थर फक्त वरून भाजायचा. थराच्या वरच्या अंगाला तपकिरी कवच येतं, त्याखाली पिवळसर मऊ गाभा राहतो. कापल्यावर दिसणाऱ्या गडद-फिकट रेघा त्यातूनच आलेल्या असतात. बाजारच्या बऱ्याच बेबिंकांत अर्ध्या पिठात कॅरॅमल घालून या रेघा काढतात. दिसायला त्या रेखीव येतात, पण भाजण्याचा खमंग वास कॅरॅमल देत नाही. पहिल्या वेळी कॅरॅमलच्या वाटेला जाऊ नका. भाजणं जमलं की रेघा आपोआप येतात.

सामान

१८ सेंटिमीटर व्यासाच्या आणि निदान ६ सेंटिमीटर उंचीच्या गोल टिनसाठी, सात थरांचं हे माप आहे. एकूण पीठ साधारण १ लिटर होतं.

- नारळाचं दाट दूध ५०० मिलिलिटर (मध्यम ३ नारळ)
- साखर ३५० ग्रॅम
- मैदा १५० ग्रॅम
- अंड्यांचे पिवळे बलक १२
- साजूक तूप १५० ग्रॅम
- जायफळाची ताजी पूड पाऊण छोटा चमचा
- मीठ पाव छोटा चमचा

जुन्या घरांत साखर याहून बरीच जास्त आणि बलक वीस-वीस घालत. साखर जास्त असली की पदार्थ टिकतोही जास्त, पण वरची बाजू भराभर करपते आणि नवशिक्याच्या हातून आच सांभाळली जात नाही. ३५० ग्रॅमच्या खाली मात्र जाऊ नका. साखर गाभा मऊ ठेवते. ती कमी झाली की बेबिंका गोड आमलेटासारखी लागते.

तुपाऐवजी लोणी किंवा बटर नको. लोण्यात पाणी असतं आणि दुधाचा साका असतो. पाण्याने थर वाफाळतो, साका तापलेल्या पृष्ठभागावर जळतो आणि काळे ठिपके पडतात. वनस्पती तूप थंड झाल्यावर टाळूला मेणासारखं चिकटतं. घरचं कढवलेलं तूप सर्वांत उत्तम. रवाळ असलं तरी चालेल, वापरायचं पातळ करूनच आहे.

जायफळ आयत्या वेळी किसा. गोव्याच्या कुळागरांत आणि कोकणातल्या बागांत जायफळ पिकतं, म्हणून तेच इथला मसाला झालं. वेलची घातली तर वाईट लागत नाही, पण मग वास शिऱ्याचा येतो. व्हॅनिला अजिबात नको.

अंड्यांशिवाय बेबिंका होते का, हा प्रश्न नेहमी येतो. कॉर्नफ्लोअर आणि आटवलेलं दूध घालून थर लावता येतात आणि ते गोडही छान लागतं, पण थर धरून ठेवण्याचं काम इथे बलक करतो. तो काढला की तो वेगळा पदार्थ झाला. तो करायचा तर स्वतंत्र माप घेऊन करा, या मापातून अंडी वगळून करू नका.

आदल्या तयारीतलं नारळाचं दूध

नारळ जून घ्या, हलवल्यावर पाणी वाजणारा. कोवळ्या नारळात तेलाचा अंश कमी असतो आणि दूध पाणचट निघतं. खोबरं साधारण ६०० ग्रॅम भरेल. पाठीचा तपकिरी भाग खवणीवर येऊ देऊ नका, नाहीतर दुधाला मळकट रंग येतो. खोबरं दोन भागांत मिक्सरला घाला आणि एकूण २५० ते ३०० मिलिलिटर कोमट पाणी घालून बारीक वाटा. गरम पाणी नको, गारही नको. कोमट पाण्यात खोबऱ्यातलं तेल सुटतं आणि दुधात मिसळून राहतं. मलमलच्या कापडातून घट्ट पिळा. हे पहिलं दूध. ५०० मिलिलिटर भरलं नाही तर चोथ्यात अर्धी वाटी कोमट पाणी घालून पुन्हा पिळा आणि लागेल तेवढंच त्यात घाला. उरलेलं पातळ दूध आमटीला किंवा सोलकढीला वापरा.

परदेशात राहणाऱ्यांनी डबाबंद दूध निःशंक घ्यावं, फक्त डब्यावर ‘लाइट’ लिहिलेलं नको. थंडीत डब्यातली मलई वर गोठलेली असते. सगळा डबा भांड्यात ओतून मंद आचेवर एकजीव करा आणि मगच मोजा. नारळाची पूड पाण्यात कालवून केलेल्या दुधाला थोडी कणी राहते, ती गाळूनही जात नाही.

पीठ

नारळाच्या दुधात साखर आणि मीठ घालून मंद आचेवर ठेवा. साखर विरघळली की लगेच खाली उतरवा. उकळी आली तर दूध फुटतं, तेल वेगळं होतं आणि ते पुन्हा एकत्र येत नाही. आता हे दूध पूर्ण निवू द्या. बोट बुडवल्यावर जराही ऊब लागता कामा नये. गरम दूध बलकात पडलं तर बलक शिजून गुठळ्या होतात, ही चूक दुरुस्त होणारी नाही.

बलक वेगळे करताना प्रत्येकाला चिकटलेला पांढरा दोरा काढून टाका. बलकावरच्या पातळ पडद्यालाही अंड्याचा वास असतो, म्हणून सगळे बलक एका गाळणीत घेऊन चमच्याने हलकेच खाली गाळा, पडदा वर राहील. एवढ्या एका गोष्टीने ‘अंड्याचा वास येतो’ ही तक्रार निम्म्याहून कमी होते. बलक चमच्याने नुसते ढवळा. बीटर, मिक्सर काही नको. फेस झाला की पिठात हवा शिरते आणि भाजताना थरावर फोड येऊन खळगे पडतात.

मैदा दोनदा चाळा. मोठ्या भांड्यात मैदा घेऊन त्यात आधी फक्त एक वाटी दूध घाला आणि गुठळी राहणार नाही असं दाट सरबरीत करून घ्या. मग बलक घाला, मग उरलेलं दूध थोडं थोडं. शेवटी जायफळ. सगळं एकदा बारीक गाळणीतून गाळा. पीठ घावनाच्या पिठाइतकं पातळ हवं: पळी बुडवून उलटी केली तर पाठीवर पातळ साय राहावी आणि बोटाने ओढलेली रेघ क्षणभर टिकावी. दाट वाटलं तर दोन-तीन चमचे नारळाचं दूध घाला. पातळ वाटलं तर मैदा वरून टाकू नका, गुठळ्या होतील. एक चमचा मैदा वेगळा कालवून मग मिसळा.

पीठ झाकून एक तास ठेवा. मैदा फुगतो, फेस बसतो. मैदा तळालाही बसतो, म्हणून प्रत्येक थर ओतण्याआधी पीठ तळापासून ढवळायचं. हे विसरलं की वरचे थर बलकाचे नि पातळ होतात आणि शेवटचा थर पिठूळ.

टिन आणि ओव्हन

टिन अखंड तळाचा घ्या. तळ सुटा होणाऱ्या टिनमधून तूप गळून ओव्हनमध्ये पेटतं. तळाला बटर पेपरचा गोल तुकडा ठेवा. जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं भांडं सर्वांत चांगलं. काळा नॉनस्टिक टिन आच जास्त ओढतो, तो असेल तर वेळ थोडा कमी धरा.

ओव्हन समतल आहे का, ते आधी बघा. टिनमध्ये बोटभर पाणी घालून आत ठेवा. पाणी एका बाजूला जास्त दिसलं तर ओव्हनच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवा. सात थरांत हा तिरपेपणा सात वेळा वाढत जातो आणि कापल्यावर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला कागदासारखी बेबिंका मिळते.

लहान टेबलटॉप ओव्हनमध्ये जाळी अशा खणात लावा की टिनमधला पृष्ठभाग वरच्या रॉडपासून १० ते १२ सेंटिमीटर दूर राहील. याहून जवळ नेलं तर वरची बाजू दोन मिनिटांत काळी पडते आणि आतला थर कच्चा राहतो. ब्रिटनमधल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत वरून भाजणारं ग्रिल वेगळंच असतं, ते या कामाला उत्तम, मध्यम आचेवर ठेवा. अमेरिकेतल्या ओव्हनचं ‘ब्रॉइल’ फार प्रखर असतं. त्यात ‘लो’ निवडा आणि टिन आणखी एक खण खाली ठेवा. मायक्रोवेव्हचं ग्रिल चालतं, पण मायक्रोवेव्ह चालू न करता फक्त ग्रिल.

पंखा असलेल्या ओव्हनमध्ये पंखा बंद करा. वाऱ्याने पातळ पीठ एका बाजूला ढकललं जातं आणि वर सुरकुत्या पडतात.

थर

ओव्हन १८० अंशांवर (सगळे अंश सेल्सिअसमध्ये), वर-खाली दोन्ही रॉड लावून तापवा. टिनमध्ये २ मोठे चमचे तूप घालून टिन पाच मिनिटं आत ठेवा. तूप तापलं की टिन फिरवून कडांनाही तूप लावा आणि पहिला थर ओता.

प्रत्येक थराचं माप एकच हवं: १४० मिलिलिटर. ते मापी कपाने घ्या, अंदाजाने नको. पहिला थर १५ ते १८ मिनिटं भाजा. तो मध्यभागी घट्ट आणि वर फिका सोनेरी झाला पाहिजे. बोटाने हलकं दाबलं तर पीठ लागू नये. हा पाया आहे. इथे दोन मिनिटं जास्त गेली तरी चालेल, कमी मात्र नको.

आता खालचा रॉड बंद करा, वरचा चालू ठेवून आच २०० अंश करा. खालचा रॉड वेगळा बंद होत नसेल तर टिनखाली जाड रिकामा ट्रे ठेवा, आच अडते.

भाजलेल्या थरावर १ मोठा चमचा पातळ तूप घाला आणि ब्रशने कडेपर्यंत पसरा. थर तापलेला असतानाच घालायचं, चर्र आवाज आला पाहिजे. लगेच पीठ ढवळून दुसरा थर ओता. पळी मध्यावर उंच धरून ओतू नका, खालचं कवच फुटतं. चमच्याच्या पाठीवरून हळू सोडा आणि टिन तिरका करून पीठ सगळीकडे जाऊ द्या. कडेला थोडं तूप वर तरंगेल. ते हवंच, त्याच्यामुळे थर एकमेकांना चिकटून एक होत नाहीत.

दुसऱ्या थरापासून प्रत्येकाला १० ते १५ मिनिटं. घड्याळापेक्षा रंग बघा. फिका पिवळा, मग कडेने तपकिरी, मग मध्यापर्यंत ठिपके, मग सगळीकडे भाजक्या शेंगदाण्याचा रंग. इथे थांबायचं. कॉफीचा रंग आला तर उशीर झाला. वर फोड आला तर सुईने टोचा, न टोचता पुढचा थर ओतलात तर तिथे पोकळी राहील. एक बाजू लवकर रंगत असेल तर टिन अर्धा फिरवा. असं बहुतेक ओव्हनमध्ये होतं, त्यात काळजीचं काही नाही.

चौथ्या-पाचव्या थरापर्यंत बेबिंका उंच होते आणि पृष्ठभाग रॉडच्या जवळ येतो. मग रंग सात-आठ मिनिटांतच येऊ लागतो आणि आपण खूश होतो, पण आतला थर अजून थरथरत असतो. यावेळी जाळी एक खण खाली घ्या, किंवा आच १८० करा. आमच्या मते नवशिक्याची बेबिंका बिघडते ती बहुधा याच टप्प्यावर, कारण तोवर सगळं नीट चाललेलं असतं आणि लक्ष सैल होतं.

सातव्या थरावर शेवटचं तूप घालून दोन मिनिटं आणखी ठेवा आणि बाहेर काढा.

ओव्हन नसेल तर

जाड तव्यावर टिन ठेवा, खाली सर्वांत बारीक गॅस. टिनवर घट्ट बसणारं, कडा असलेलं स्टीलचं ताट ठेवा आणि त्या ताटात करवंट्यांचे धगधगते निखारे. पहिल्या थराला खालची आच थोडी जास्त, नंतर नुसती नावाला. करवंटीचा निखारा जोरकस असतो आणि बराच वेळ टिकतो, सोडणाचा मऊ असतो आणि लवकर राख होतो. दोन्ही मिसळून घेतले तर आच आवरता येते. हे काम अंगणात, पडवीत किंवा मोकळ्या गच्चीतच करा. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेऊ शकतो. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ही रीत नको.

वेळ दुप्पट लागतो. पण धुराचा जो मंद वास तुपात उतरतो तो विजेच्या ओव्हनमध्ये येत नाही, हे खरं आहे.

निवणं, काढणं, कापणं

बेबिंका गरम असताना उलटी करू नका. तूप पातळ असतं, थर एकमेकांवरून घसरतात आणि तुकडे पडतात. टिनमध्येच पूर्ण निवू द्या, मग रात्रभर तशीच झाकून ठेवा. सकाळी कडेने पातळ सुरी फिरवा, टिनचा तळ गरम पाण्यात अर्धा मिनिट ठेवून तूप सुटू द्या आणि ताटावर उलटा करा. बटर पेपर सोला. वर जास्तीचं तूप गोठलेलं दिसेल, ते सुरीने खरवडून घ्या. पुढच्या वेळी वापरता येतं.

गोल केकसारखे तिकोनी मोठे तुकडे कापू नका. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि एक सेंटिमीटर जाडीचे सरळ काप काढा, म्हणजे सगळे थर प्रत्येक कापात दिसतील. हा जड पदार्थ आहे, एका माणसाला एक काप पुरतो. किंचित कोमट करून खाल्ली की तूप सुटतं आणि जायफळ वर येतं. आइस्क्रीमबरोबर देण्याची रीत हॉटेलांनी आणली. गार-गरम जोडी चांगली लागते, पण पहिला काप नुसताच खाऊन बघा.

डिसेंबरच्या हवेत बंद डब्यात बाहेर चार दिवस आणि फ्रिजमध्ये दोन आठवडे ती छान राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चव मुरते, त्यामुळे २४ तारखेला हवी असेल तर २१ किंवा २२ ला करा.

काप कापल्यावर दोष दिसला तर

थरांच्या रेघाच दिसत नसतील, सगळं एकसंध खरवसासारखं असेल, तर थर पुरते भाजले नव्हते. उलट कापताना थर पानांसारखे सुटून येत असतील तर ते फार भाजले गेले, कवच कोरडं झालं आणि पुढचा थर त्याला धरलाच नाही. काही घरांत थर सुटणारी बेबिंकाच चांगली मानतात आणि मुलं ती एकेक पापुद्रा सोलून खातात, तेव्हा याला सर्वस्वी दोष म्हणवत नाही. तरी काप ताटात उभा राहिला पाहिजे.

रबरासारखी चिवट झाली तर मैदा जास्त पडला किंवा पीठ खूप घोटलं गेलं. सर्वांत खालचा थर कडू असेल तर खालची आच चालू राहिली. मधलाच एखादा थर ओलसर, पिठाळ असेल तर पाचव्या थराशी सांगितलेली घाई झाली. कापल्यावर सगळीकडे बारीक भोकं दिसली तर बलक फेसले गेले होते. ताटात तुपाचं तळं साचलं तर दर थराला चमचा शिगोशीग भरून पडला. त्यासाठीच तूप मापाने घालायचं.

मधला थर कच्चा राहिला आणि ते काढल्यानंतर लक्षात आलं तर काप करून तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी मंद भाजून घ्या. बेबिंकेची शोभा जाईल, पण कच्चं अंडं पोटात जाणार नाही आणि काप वाया जाणार नाहीत.

उरलेले बारा पांढरे

कॉन्व्हेंटमधला प्रश्न इथे उलटा होऊन तुमच्यापुढे येतो. पांढरा भाग झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, फ्रीझरमध्ये काही महिने. गोव्यात त्याचे ‘सुस्पिरोस’ करतात: चार अंड्यांच्या पांढऱ्याला २०० ग्रॅम पिठीसाखर, घट्ट शिखरं उभी राहतील इतकं फेटून, १०० अंशांवर दीड-दोन तास वाळवलेले कुरकुरीत गोळे. काजूची भरड मिसळली तर मॅकरून होतात. दोन्ही नाताळाच्या ताटात शोभतात, त्यामुळे बेबिंकेच्या दुसऱ्या दिवशी हेच करायला घ्या.

ताट पाठवताना

गोव्यात बेबिंका एकटी येत नाही. नाताळाच्या आधीच्या आठवड्यात घरोघर माडाच्या गुळाचं दोदोल आटतं, हरभऱ्याच्या डाळीचं दोस थापलं जातं, पेरूचं पेराद, रव्या-नारळाच्या बोलिन्यास, काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर वळलेली कुलकुलं आणि नेवऱ्या होतात. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. त्या गोव्यातल्या हिंदू घरांत चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, होतात आणि ख्रिस्ती घरांत नाताळाला. या सगळ्याचं ताट विणलेल्या रुमालाने झाकून शेजारी पाठवायचं, याला कॉन्सुआदा म्हणतात. ख्रिस्ती घरातून हिंदू घरी नाताळाला ताट जातं, हिंदू घरातून चवथीला आणि दिवाळीला परत येतं. वर्षभरात घरात मृत्यू झाला असेल तर त्या घरी गोड केलं जात नाही, अशा वेळी शेजारचे पाठवतात.

अशा ताटात बेबिंका ठेवायची तर तिचे काप कडेला, बटर पेपरवर ठेवा. तुपाने कुलकुलं आणि नेवऱ्या मऊ पडतात. एका घराला दोन काप पुरे, कारण तिथे इतर घरांतूनही ताटं आलेली असतात. १८ सेंटिमीटरच्या या बेबिंकेतून २० ते २४ काप निघतात. आठ-नऊ शेजाऱ्यांना पाठवूनही घरच्यांना मिस्सेवरून आल्यावर एकेक काप उरतो.